डोक्यावर टांगलेलं लाकूड: वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात कॉलेजांच्या आवारातल्या पुतळ्यांवर लिहिताना मी जाता जाता एक ओळ टाकली होती, की आपल्याकडे कॅम्पसवर कला म्हटलं की अर्धपुतळा आणि कारंजं यापुढे गाडी जात नाही, तिकडे व्हेनेझुएलातल्या काराकासच्या विद्यापीठात बघा, हॉलच्या छताला लाकडाचे रंगीत ढग टांगलेत. झालं, अख्खा लेख राहिला बाजूला आणि पत्रं आली ती सगळी त्या ढगांवर. त्यातली काही घेतेय. लांब पत्रं कापलीत, राग मानू नका.

ताई, मी नेटवर त्या ढगांचे फोटो बघितले. खरं सांगू का, मला ते शिल्प वाटलंच नाही, महागडं फॉल्स सीलिंग वाटलं. याला पब्लिक आर्ट का म्हणायचं? (आर्किटेक्चरची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

तुला फॉल्स सीलिंग वाटलं ना, मग तू अर्धी गोष्ट न वाचताच ओळखलीस, कारण तिथे छताला काहीतरी टांगावं लागणारच होतं, ते ढग करणारा शिल्पकार अलेक्झांडर कॉल्डर आला असता किंवा नसता तरी.

काय झालं होतं सांगते. व्हेनेझुएलाच्या राजधानीतलं हे सेंट्रल युनिव्हर्सिटीचं कॅम्पस कार्लोस राउल व्हियानुएवा या आर्किटेक्टनं १९४० च्या दशकात हातात घेतलं आणि पुढे कितीतरी वर्षं तो ते बांधतच राहिला. त्याचा हट्ट असा होता की चित्रं-शिल्पं इमारत झाल्यावर आणून ठेवायची नाहीत, ती इमारतीबरोबरच वाढली पाहिजेत. मग फर्नांड लेजे, व्हासारेली, जाँ आर्प अशी युरोपातली बडी मंडळी आणि माटेओ मानाउरेसारखे तिथलेच तरुण चित्रकार असं सगळ्यांना त्यानं कामाला लावलं. कॉल्डर म्हणजे तारेला पत्र्याचे तुकडे लावून हवेवर हलणारी मोबाइल्स करणारा अमेरिकन शिल्पकार, त्याच्याकडे आधी मागणी होती ती हॉलच्या बाहेरच्या जागेसाठी. पण हा हॉल म्हणजे आउला माग्ना, २७०० च्या आसपास खुर्च्या, पंख्यासारखा पसरत गेलेला, आणि असा आकार आवाजासाठी फार त्रासदायक, म्हणून रॉबर्ट न्यूमन नावाचा अकॉस्टिक्सवाला इंजिनिअर छताखाली आवाज परतवणारे फळे, म्हणजे मोठाले सपाट फलक, लावायला सांगत होता. आता छतावर फळे येणारच आहेत तर तेच शिल्प का होऊ नयेत, असं म्हणत कॉल्डर त्या फळ्यांमध्येच शिरला. आकार आणि रंग त्याचे, कुठला फळा किती मोठा, कुठे आणि कुठल्या कोनात हे न्यूमनच्या हिशोबानं, आणि दोघांच्या मधे व्हियानुएवा.

तर असे ३१ फळे आहेत, २२ छताला आणि बाकीचे दोन्ही बाजूच्या भिंतींवर. लोखंडी सांगाड्यावर अर्धा-अर्धा इंच प्लायवुडचे दोन थर, वरून रंग, आणि तारदोरानं लटकवलेले. काही ३० फुटांच्याही वर आहेत आणि मोठ्यांचं वजन टनांमध्ये जातं. डिसेंबर १९५३ मध्ये हॉलचं उद्घाटन झालं.

आता तुझा प्रश्न. फॉल्स सीलिंग काय करतं, एसीचे डक्ट आणि वायरी झाकतं आणि स्वतः दिसू नये अशीच त्याची धडपड असते. इथे उलट आहे, फळे काढून टाकले तर हॉल चालणार नाही, आणि हॉलमध्ये पाऊल टाकलं की पहिली नजर त्यांच्यावरच जाते. शिवाय तिकीट काढून कोणी खास बघायला येतंय असंही नाही, विद्यापीठाचे पदवीदान समारंभ तिथे होतात, म्हणजे तिथून डिग्री घेतलेली माणसं आयुष्यात एकदा तरी त्या ढगांखाली बसलेली आहेत. यापेक्षा पब्लिक आर्ट आणखी काय असतं मला तरी माहीत नाही.

(जाँ आर्पनं त्याच कॅम्पससाठी केलेल्या शिल्पाचं नाव ‘ढगांचा मेंढपाळ’ आहे आणि ते हॉलच्या बाहेरच्या आच्छादित चौकात उभं आहे. मेंढपाळ बाहेर, ढग आत. योगायोग म्हणा नाहीतर खोडी म्हणा, मला आवडतं.)

आमच्या कॉलेजच्या नवीन हॉलमध्ये आवाज भयंकर घुमतो, पाहुणे काय बोलतात शेवटच्या रांगेत कळत नाही. माजी विद्यार्थ्यांनी निधी जमवलाय. तुमचा लेख वाचून ठरतंय की लाकडी पक्ष्यांचा मोठा थवा छताला टांगायचा, म्हणजे शोभाही येईल आणि आवाजही सुधारेल. बरोबर ना? (प्राध्यापिका, नाशिक जिल्हा)

मॅडम, शोभा येईल. आवाज सुधारणार नाही.

माझ्या एका ओळीमुळे तुमचा निधी चुकीच्या जागी जायला नको म्हणून जरा खोलात सांगते. घुमणं आणि काराकासचा त्रास हे दोन वेगळे आजार आहेत. तुमच्या हॉलला बहुतेक टाइल्सची फरशी, गिलाव्याच्या भिंती, काचेच्या मोठ्या खिडक्या आणि प्लास्टिकच्या खुर्च्या असणार, म्हणजे आवाज गिळणारं काहीच नाही, तो इकडून तिकडे आपटत रेंगाळत राहतो आणि पुढचा शब्द मागच्या शब्दावर चढतो. यावर औषध एकच, शोषून घेणारं काहीतरी आणा: जाड पडदे, गादीच्या खुर्च्या, मागच्या भिंतीला छिद्रांची लाकडी पॅनेल आणि त्यामागे मिनरल वूल, म्हणजे आवाज शोषणारी लोकरीसारखी गादी. भाषणाच्या हॉलमध्ये आवाज विरायला साधारण सेकंदभर लागला तर ठीक, तुमच्याकडे तो कितीतरी जास्त निघेल. हे मोजून देणारे कन्सल्टंट असतात, आधी त्यांना एक दिवस बोलवा, शिल्पकाराला नंतर.

काराकासला प्रश्न होता तो आवाज भलत्या ठिकाणी गोळा होण्याचा आणि उशिरा पोचण्याचा. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. बोलणाऱ्याकडून थेट आलेला आवाज आणि छतावर आपटून आलेला आवाज यात ५० मिलिसेकंदांपेक्षा कमी अंतर असलं तर कान दोन्ही एकच धरतो, उलट शब्द जास्त ठळक वाटतो, पण त्याहून उशीर झाला तर वेगळा प्रतिध्वनी ऐकू यायला लागतो. ५० मिलिसेकंद म्हणजे १७ मीटर जास्तीची वाट. एवढ्या मोठ्या हॉलचं छत उंच, वाट लांब, म्हणून मधेच खाली फळे टांगून आवाजाला लवकर परत पाठवायचं, आणि तेही एका जागी न साठता सगळ्या खुर्च्यांवर वाटला जाईल अशा कोनात. ढगांचं काम हे आहे, आवाज गिळणं नाही.

आता पक्षी. आवाजाची लाट समोरच्या वस्तूपेक्षा मोठी असली की ती सरळ वळसा घालून निघून जाते. माणसाच्या बोलण्यातला ५०० हर्ट्झचा सूर घ्या, त्याची लाट ६८ सेंटीमीटरची. तुमचा पक्षी वीत-दोन वीत असेल तर त्या लाटेला तो तिथे आहे हे कळणारसुद्धा नाही. वरच्या पट्टीतले स, श, च असे आवाज थोडे विखुरतील, बस. कॉल्डरचे तुकडे एवढे अवाढव्य आहेत ते काही भव्यतेच्या हौसेनं नाहीत, छोटे करून भागलंच नसतं.

म्हणून माझं मत विचाराल तर अर्धा निधी मागच्या भिंतीवर घाला. उरलेल्यात थवा करा आणि तो हॉलमध्ये न टांगता जिन्याच्या मोकळ्या जागेत टांगा, तिथे पोरं रोज खालून वर बघतील, हॉल तर वर्षातून दहा-बारा कार्यक्रमांना उघडणार.

डिझाइन आर्टिस्टचं असतं, लाकूड आम्ही निवडतो, जोड आम्ही मारतो, टांगतो पण आम्हीच. उद्घाटनाला आम्हाला खुर्ची पण नसते. पाटीवर नाव कोणाचं पाहिजे? (सुतारकाम करणारे वाचक, सांगली)

दादा, पत्र वाचून बरं वाटलं, हा प्रश्न विचारायला पाहिजे त्या माणसानंच विचारलाय.

काराकासचंच घ्या. फळे तिथेच बनले, तिथेच रंगले आणि तिथेच चढले. कॉल्डरनं ते काम डोळ्यांनी बघितलं ते १९५५ मध्ये, म्हणजे उद्घाटन होऊन वर्ष उलटून गेल्यावर. आणि तरी जग म्हणतं कॉल्डरचे ढग. न्यूमनचं नाव अकॉस्टिक्सवाल्यांनाच माहीत, आणि त्याची कंपनी बोल्ट, बेरानेक अँड न्यूमन ही ओळखली जाते ती वेगळ्याच कामासाठी, इंटरनेटच्या आधीचं जे अर्पानेट होतं त्याची नेटवर्क जोडणारी मशीन्स १९६९ मध्ये तिनंच बनवली. ढग टांगणाऱ्या हातांपर्यंत तर पाटी पोचतच नाही.

गंमत अशी की त्याच १९५५ सालाच्या सुरुवातीला हाच कॉल्डर आपल्याकडे आला होता, गिरा साराभाईंच्या बोलावण्यावरून अहमदाबादला, आणि तिथे त्यांच्याकडे राहून त्यानं स्वतःच्या हातानं शिल्पं केली. ती कॉल्डरची म्हणायला कोणाची हरकत नसणार. पण कागदावरचा आकार पाठवून दुसऱ्यांकडून करून घेतलं की काम एकट्याचं राहत नाही, त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही, सिनेमाच्या शेवटी नाही का सगळ्यांची नावं येतात.

माझं मत: पाटीवर संकल्पना कोणाची, लाकूडकाम कोणाचं, टांगणी कोणाची आणि स्ट्रक्चरल इंजिनिअर कोण, चारही नावं हवीत. मानापानासाठी तर हवीतच, पण एक व्यवहारी कारणही आहे, दहा वर्षांनी एखादा जोड उकलला तर कॉलेजला फोन कोणाला करायचा हे त्या पाटीवरूनच कळेल. कोटेशन देतानाच ही अट लिहून घ्या, तोंडी ठेवू नका.

लाकूड तडकतं, पावसाळ्यात फुगतं, वाळवी लागते, आणि खाली आमची मुलं बसणार. प्राचार्य विचारतात की पडलं तर जबाबदार कोण. काय उत्तर देऊ? (कॉलेज कार्यालय, रत्नागिरी)

प्राचार्यांना म्हणावं, प्रश्न अगदी योग्य आहे आणि शिल्पकार निवडायच्या आधी विचारताय हे तर फारच चांगलं.

लाकूड पहिलं. अखंड लाकूड दमट हवेत रेषेच्या आडवं फुगतं, लांबीला जवळपास नाही. कोकणात जून ते सप्टेंबर आणि मग एकदम एप्रिल-मे, एवढा फरक असतो की रुंद फळी दोन्ही कडांना घट्ट बोल्ट मारून बांधली तर ती मधून चिरणारच. एका बाजूचं भोक लांबट ठेवायचं म्हणजे तिला हलायला जागा मिळते, हे तुमचा जुना सुतार न सांगता करेल, नवीन मुलांना मात्र सांगावं लागतं. मोठा सपाट आकार हवा असेल तर अखंड लाकडाचा हट्ट सोडा आणि प्लायवुड घ्या, थर एकाआड एक आडवे-उभे असल्यामुळे ते फारसं हलत नाही, काराकासलाही प्लायच आहे. दमट जागेत आयएस ७१० (आयएस म्हणजे भारतीय मानक) चं मरीन प्लाय, आणि सभागृहात लवकर पेट न घेणारं आयएस ५५०९ चं प्लाय मिळतं त्याची चौकशी करा. कडा सील केल्याशिवाय रंगाला हात लावू देऊ नका, पाणी तिथूनच शिरतं. टांगलेल्या कामाला जमिनीतून चढणाऱ्या वाळवीची भीती कमीच, खरी भीती असते ती लाकडात आधीच अंडी घालून बसलेल्या भुंग्यांची, म्हणून ट्रीटमेंट केलेलं आणि नीट सुकलेलं लाकूडच आत येऊ द्या, कोणाच्या वाड्यातलं जुनं लाकूड फुकट मिळतंय म्हणून उचलून आणू नका.

मग वजन. हलकं करायचे मार्ग शिल्पकारांनी शोधलेत. मार्टिन प्युरिअरची ३६ फुटी शिडी आहे, १९९६ ची, ॲश लाकडाची, टेक्सासच्या फोर्ट वर्थमधल्या मॉडर्न आर्ट म्युझियममध्ये हवेत टांगलेली, खाली पावणेदोन फुटांच्या वर रुंद आणि वर जाऊन सव्वा इंच, त्यामुळे आहे त्यापेक्षा कितीतरी उंच वाटते आणि लाकूड लागतं थोडंच. सिएटलच्या जॉन ग्रेडनं तर १४० वर्षांच्या जिवंत हेमलॉक झाडाला न तोडता त्याचे प्लास्टरचे साचे काढले आणि त्यावर सीडारचे बारके तुकडे चिकटवून आख्खं झाड उभं केलं, आतून पोकळ, ते सिएटलच्या आर्ट म्युझियममध्ये आडवं टांगलेलं होतं. ही दोन्ही कामं म्युझियममधली, तिथे सांभाळायला पगारी माणसं असतात, कॉलेजात नसतात, एवढा फरक लक्षात ठेवूनच नक्कल करा.

आणि टांगणी, इथे मात्र हौस नको. पंख्याच्या हुकाला नाही, फॉल्स सीलिंगच्या पट्ट्यांना तर अजिबात नाही, जुन्या स्लॅबमध्ये नुसता अँकर फास्टनर ठोकूनही नाही, कारण वजन त्याला सरळ खाली ओढत असतं. बीमला आरपार बोल्ट किंवा क्लॅम्प, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीच्या ड्रॉइंगप्रमाणे. स्टीलचा वायर रोप, आणि प्रत्येक तुकड्याला मुख्य दोराशिवाय एक वेगळा सेफ्टी दोर, तोही वेगळ्या जागी बांधलेला, म्हणजे एक तुटला तरी दुसरा धरतो. नायलॉनची दोरी कितीही जाड असली तरी नको. समुद्राजवळ आहात तर शॅकल, टर्नबकल असं दोर जोडायचं-ताणायचं सगळं सामान स्टेनलेस घ्या, साधं गॅल्व्हनाइज्ड खाऱ्या हवेत बघता बघता गंजतं. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, वर चढून प्रत्येक जोड बघायचा आणि वहीत तारीख घालून सही करायची. ही वही कोणाच्या टेबलावर राहणार हे ठरलं की प्राचार्यांच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं.

भीती फक्त लाकडाची धरू नका एवढंच म्हणेन. काराकासच्या त्याच कॅम्पसमध्ये २०२० च्या जूनमध्ये छत कोसळलं ते आच्छादित वाटेवरचं, काँक्रीटचं. पैसे आटले की काँक्रीटही पडतं.

तुम्ही ज्याचं एवढं कौतुक करताय ते हुकूमशाहीतलं बांधकाम आहे हे लिहायला विसरलात काय? (वाचक, दादर)

विसरले नाही, मागच्या वेळी एकच ओळ होती. हो, मार्कोस पेरेझ हिमेनेझच्या लष्करी राजवटीत हे काम झालं आणि मार्च १९५४ मध्ये अमेरिका खंडातल्या देशांची परिषद भरवून मिरवायला त्याला हा हॉल हवाच होता. जानेवारी १९५८ मध्ये त्याला देश सोडून पळावं लागलं. हॉल विद्यार्थ्यांकडे राहिला आणि २००० साली सगळं कॅम्पस युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आलं. पैसे कोणी दिले हे सांगितलंच पाहिजे, तुमचं बरोबर आहे, पण तेवढ्यासाठी व्हियानुएवाचं श्रेय मी त्या जनरलला देणार नाही.

कॉलेजला लॅबमध्ये सामान नाही, ग्रंथालयात पुस्तकं नाहीत आणि तुम्ही शिल्पं टांगायला सांगताय. (नाव न दिलेले वाचक)

लॅब आधी, वाद नाही. पण मुंबईत कुलाब्याला टीआयएफआर, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्था, उभी राहत होती तेव्हा होमी भाभांनी नेहरूंकडून इमारतीच्या खर्चातला एक टक्का कलेसाठी मंजूर करून घेतला होता, म्हणून हुसेन यांचं भलंमोठं भित्तिचित्र आज तिथे आहे, आणि त्यामुळे तिथलं विज्ञान मागे पडलं असं काही ऐकिवात नाही. हा एक टक्का इमारतीच्या पैशातला आहे हे लक्षात घ्या, पुस्तकांच्या नाही. आपल्याकडे तेवढे पैसे प्रवेशद्वाराच्या कमानीला आणि ग्रॅनाइटला सहज जातात, तेव्हा लॅबची आठवण कोणी काढत नाही.

आमचं लाकडी शिल्प तयार आहे, पोर्चमध्ये टांगायचंय, पोर्च तिन्ही बाजूंनी उघडा. कबुतरांचं काय करू? (कला शिक्षक, बारामती)

टांगायच्या आधीच विचारलंत, सुटलात. सगळ्या आडव्या सपाट जागांना वरून उतार द्या, कबुतराला सपाट टेकायला मिळालं की ते घरटं करतंच. जाळी लावायची तर पोर्चच्या कडांना लावा, शिल्पाभोवती नको, नाहीतर पिंजऱ्यात ठेवल्यासारखं दिसेल. तीन बाजू उघड्या म्हणजे पावसाची झड आत येणार आणि वाराही धरणार, मोठे सपाट भाग असतील तर हेलकावे घेऊन दोर बोल्टपाशी झिजतात, तेव्हा खालून एक-दोन ताण द्यावे लागतील का हे इंजिनिअरला विचारून घ्या. तेलाचं पॉलिश लावलं असेल तर उघड्यावर दरवर्षी परत हात फिरवावा लागेल, त्याचा खर्च आत्ताच बजेटमध्ये धरा. फोटो पाठवलेत ते छान आहेत पण सगळे समोरून काढलेत, मला पोर्चचे बीम कुठून कुठे जातात ते दिसत नाहीये, खाली उभं राहून सरळ वर कॅमेरा धरून एक काढा आणि शिल्पाचं वजनही कळवा, मग पुढचं बोलू.